टोपणनावाचा रकाना कोणी भरायचा?

ब्राझीलमध्ये व्यावसायिक फुटबॉलचा सामना झाला की पंच अधिकृत अहवाल सादर करतात. त्यातल्या खेळाडूंच्या यादीचे रकाने ठरलेले असतात. आधी शर्टाचा क्रमांक, मग टोपणनाव, मग पूर्ण नाव, मग सुरुवातीच्या अकरांत होता की राखीव, व्यावसायिक की हौशी, आणि शेवटी महासंघाचा नोंदणी क्रमांक. टोपणनावाची जागा पूर्ण नावाच्याही आधी. ज्याला टोपणनाव नाही त्याचा तो रकाना कोरा राहत नाही. तिथं त्याचं पहिलं नाव किंवा दोन नावांची जोडी येते. इतर बहुतेक ठिकाणी टोपणनाव घरात नि मित्रांत राहतं. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये ती दप्तरी नोंद आहे.

या नोंदीवरून तिथं दोन तट पडलेले आहेत. एका बाजूला वाटतं की टोपणनावं हाच तिथल्या खेळाचा जीव आहे. पेले, गारिंचा, झिको, काका अशी नावं मागे पडून संघाच्या यादीत जोडनावांची रांग लागली, म्हणजे खेळ युरोपच्या दावणीला बांधला गेला. दुसरी बाजू म्हणते की कमावत्या, करारबद्ध माणसाला त्याच्या दातांवरून, उंचीवरून किंवा कातडीच्या रंगावरून हाक मारणं लाजिरवाणं आहे, त्याला सरळ पूर्ण नावानं ओळखा. मला या दोन्ही बाजू अर्ध्यावर थांबलेल्या वाटतात. टोपणनावं राहायला हवीत, असं माझं ठाम मत आहे. पण तो रकाना खेळाडूनं स्वतः भरायला हवा, आणि भरण्याची, नाकारण्याची, पुढे बदलण्याची संधी त्याला नियमानं मिळायला हवी. आज हे सगळं प्रशिक्षकाच्या तोंडी आणि क्लबच्या रिवाजावर सोडलेलं आहे.

टोपणनाव तिथं हौसेपोटी आलेलं नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सिल्व्हा, सांतोस, सौझा, ऑलिव्हेरा ही आडनावं ब्राझीलभर इतकी पसरलेली आहेत की नुसतं आडनाव सांगून माणूस ओळखता येत नाही. १३ मे १८८८ रोजी कायद्यानं गुलामगिरी संपली, तेव्हा मुक्त झालेल्या असंख्य लोकांकडे स्वतःचं म्हणावं असं आडनाव नव्हतं. कुणी जुन्या मालकाचं घेतलं, कुणी 'दोस सांतोस', 'दे जेझुस' अशी धर्मातली घेतली. १९५८ साली स्वीडनमध्ये अंतिम सामना जिंकणारा संघ पाहा. बचावात उजवीकडे द्जाल्मा सांतोस, डावीकडे निल्टन सांतोस, आणि उजव्या बगलेवर गारिंचा, ज्याचं कागदावरचं नाव मानुएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. गोलरक्षक जिल्मारच्या पूर्ण नावातही दोस सांतोस. अकरांत चार सांतोस, वर पेलेचा क्लबही सांतोसच. २०२२ च्या कतारमधल्या २६ जणांत नेमार, थियागो सिल्व्हा, दानिलो, दानी आल्वेस, अलेक्स सांद्रो, वेव्हर्टन, रॉड्रिगो, मार्टिनेली आणि ब्रेमर या नऊ जणांच्या पूर्ण नावात कुठे ना कुठे सिल्व्हा आहे. शर्टावर आडनावच छापायचं असा दंडक तिथं घातला, तर प्रेक्षकाला निम्मा संघ ओळखता येणार नाही.

याला वर्गाचाही पदर आहे, आणि पूर्ण नावाची मागणी करणारे तो विसरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रिओ आणि साव पाउलोतलं फुटबॉल हा इंग्रजी वळणाच्या, सुखवस्तू घरांतल्या मुलांचा खेळ होता. तिथं घराण्याच्या नावाला वजन होतं. १९२३ मध्ये वास्को द गामा या क्लबनं काळे, मिश्रवर्णी आणि कामगार खेळाडू घेऊन रिओची स्पर्धा जिंकली. पुढच्याच वर्षी बड्या क्लबांनी वेगळी संघटना काढली आणि वास्कोला आपले १२ खेळाडू वगळायला सांगितले. ७ एप्रिल १९२४ च्या पत्रानं वास्कोनं साफ नकार दिला. त्या काळी खेळाडूला सामन्याच्या कागदावर स्वतःच्या हातानं नाव लिहिता आलं पाहिजे, अशीही अट होती. वास्कोनं आपल्या खेळाडूंना लिहायला शिकवायची सोय केली. लिहिता न येणाऱ्याला बाहेर ठेवणाऱ्या या अटीचा रोख कोणावर होता, ते सांगायला नको. १९३३ मध्ये व्यावसायिक फुटबॉल अधिकृत झालं, गरीब वस्त्यांतली मुलं मोठ्या संख्येनं आली आणि आपली गल्लीतली नावं घेऊनच आली. पूर्ण नाव म्हणजे प्रतिष्ठा हा विचार वरकरणी उदार दिसतो, पण त्या देशात पूर्ण नाव हे कुंपण म्हणून वापरलं गेलेलं आहे. सगळी टोपणनावं सरसकट पुसून टाकली, तर सुक्याबरोबर ओलंही जळेल.

शेजारच्या अर्जेंटिनात टोपणनावं कमी नाहीत, पण ती आडनावाला जोडून येतात आणि बहुतेक वेळा अवतरणचिन्हात राहतात. ब्राझीलमध्ये टोपणनाव आडनावाची जागाच घेतं. म्हणून तिथं चूक झाली तर ती माणसाच्या मुख्य ओळखीतच होते.

बांधणीच्या दृष्टीनं पाहिलं तर बरीच नावं निरुपद्रवी आहेत. बोबड्या बोलातून आलेली नावं बघा. काकाचं नाव रिकार्दो. धाकट्या भावाला ते म्हणता येईना आणि 'काका' झालं. झिकोचं नाव आर्थर अन्तुनेस कोईम्ब्रा. घरात लाडानं आर्थुरझिन्हो, त्याचं आर्थुरझिको, आणि शेवटी नुसतं शेपूट उरलं. हाच झिको २०१४ ते २०१६ असे तीन हंगाम एफसी गोवाचा प्रशिक्षक होता, आणि मडगावच्या मैदानावरही त्याला झिकोच म्हणत होते. रिओतल्या किंतिनो या उपनगरात एका घरात जन्मलेलं नाव इतक्या लांब न बदलता पोचतं, ही टोपणनावाची खरी ताकद आहे. ब्राझीलमध्ये १९९३ चा क्रीडा कायदा 'झिको कायदा' म्हणून आणि १९९८ चा ९६१५ क्रमांकाचा कायदा 'पेले कायदा' म्हणून ओळखला जातो. दोघेही वेगवेगळ्या वेळी क्रीडा खात्याचे प्रमुख होते. न्यायालयातले वकीलसुद्धा ही नावं सर्रास वापरतात.

दुसऱ्या कुणावरून पडलेलीही नावं आहेत. काफू हे काफुरिंगा नावाच्या आधीच्या खेळाडूवरून. म्युलर हे जर्मनीच्या गर्ड म्युलरवरून. त्याचं खरं नाव लुईस आन्तोनिओ कोरेया द कोस्ता. १९९४ चा विजेता कर्णधार डुंगा लहानपणी बुटका होता, म्हणून घरातल्यांनी त्याला हिमगौरीच्या सात बुटक्यांपैकी एकाचं पोर्तुगीज नाव दिलं. पाकेता हे नाव तर गावाचंच आहे: लुकास पाकेता ग्वानाबारा उपसागरातल्या पाकेता बेटावरचा.

या पद्धतीची व्यावहारिक अडचण अशी की लाडाची नावं मोजकी आहेत आणि खेळाडू अमाप. लहानपण दाखवणारं '-इन्हो' आणि थोरपण दाखवणारं '-आंव' लावून काम भागवतात, पण तेही अपुरं पडतं. रोनाल्डो नाझारिओ १९९४ च्या विश्वचषकाला गेला तेव्हा संघात आणखी एक वयानं मोठा रोनाल्डो होता. मोठा 'रोनाल्डांव' झाला आणि सतरा वर्षांचा पोरगा 'रोनाल्डिन्हो'. १९९६ च्या ऑलिम्पिकला तिसराच रोनाल्डो, ग्विआरो, संघात होता, म्हणून नाझारिओच्या शर्टावर 'रोनाल्डिन्हो' छापलं गेलं. मग १९९९ मध्ये पोर्तो अलेग्रेचा रोनाल्डो दे असिस मोरेरा संघात आला. 'रोनाल्डिन्हो' त्याच्याकडे गेलं, मागे प्रांताचं 'गाउशो' लागलं, आणि नाझारिओ पुन्हा रोनाल्डो झाला. जुनिन्हो दोन झाले तेव्हा एक साव पाउलोचा म्हणून पाउलिस्ता, दुसरा पेर्नाम्बुको प्रांताचा म्हणून पेर्नाम्बुकानो. म्हणजे संघाची यादी बदलली की माणसाचं जाहीर नाव बदलतं, आणि कुणाचं काही बिघडत नाही. 'एकदा पडलेलं नाव बदलता येत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावं.

अवघड जागा सुरू होते ती शरीर आणि रंगापाशी. २००२ च्या विश्वविजेत्या संघातला वांपेता घ्या. बाहियातल्या नाझारे गावचा मार्कोस आन्द्रे बातिस्ता सांतोस. लहानपणी समोरचे दात पडलेले म्हणून पोरांनी 'व्हाम्पायर' आणि 'सैतान' यांचे पोर्तुगीज शब्द एकत्र करून ते नाव केलं. त्यानं ते मिरवलं, आजही त्याची ओळख त्यावरच चालते. पदरी पडलं आणि पवित्र झालं. पण प्रत्येकाच्या पदरी पडलेलं असं पवित्र होत नाही.

टोपणनावांच्या बाजूनं सगळ्यात जास्त वापरला जाणारा दाखला म्हणजे पेले. एडसन आरांतेस दो नासिमेंतो हे नाव वडिलांनी दिव्याच्या शोधकर्त्या एडिसनवरून ठेवलेलं. मुलाला त्याचा अभिमान होता. घरात त्याला दिको म्हणत. बाउरू गावात शाळेतल्या पोरांनी 'पेले' म्हणून चिडवायला सुरुवात केली. तो स्वतः जे सांगत असे ते असं: वडिलांच्या एका जुन्या संघात बिले नावाचा गोलरक्षक होता, त्याचं नाव आपण चुकीचं उच्चारत होतो, त्यावरून हे चिडवणं सुरू झालं. नावाचा त्याला इतका राग होता की त्यानं एका वर्गमित्राला ठोसा मारला आणि शाळेतून निलंबन ओढवून घेतलं. मग जे झालं ते जगाला माहीत आहे. २०२२ च्या डिसेंबरात तो गेला. २०२३ च्या एप्रिलमध्ये मिकाएलिस या पोर्तुगीज शब्दकोशानं 'पेले' हा शब्द 'असाधारण, अतुलनीय' या अर्थी विशेषण म्हणून घेतला. त्यासाठी सव्वा लाखाहून जास्त सह्या जमल्या होत्या.

यावरून काढला जाणारा निष्कर्ष असा, की चिडवण्याचं शेवटी भूषण होतं, पोरांना थोडं सोसू द्या. हा तर्क मला पटत नाही. आपल्यापुढे जी नावं आहेत ती फक्त जिंकलेल्यांची. बाउरूच्या त्याच गल्लीत आणखी किती मुलांना नावं पडली असतील आणि ती त्यांना आयुष्यभर खुपली असतील, त्यांची नोंद कुठल्याच शब्दकोशात होत नाही. पेलेला ठोसा मारावासा वाटला, ही त्या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची बाब आहे, आणि सांगणारे ती हसून पुढे नेतात. मुलानं नकार दिला होता. कुणी तो ऐकला नाही. नंतर तो अलौकिक खेळाडू झाला म्हणून तो नकार खोटा ठरत नाही.

रंगाचा प्रश्न याहून टोकदार आहे. एडिनाल्डो बातिस्ता लिबानिओ या आघाडीच्या खेळाडूला ग्राफिते म्हणत, म्हणजे पेन्सिलीतलं काळं शिसं. १३ एप्रिल २००५ रोजी साव पाउलोच्या मोरुंबी मैदानावर कोपा लिबर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबस्पर्धेचा सामना होता, समोर अर्जेंटिनाचा किल्मेस संघ. किल्मेसचा बचावपटू लिआन्द्रो देसाबातो यानं ग्राफितेला त्याच्या वर्णावरून शिवी दिल्याची तक्रार झाली. दोघांत झटापट होऊन ग्राफितेला लाल कार्ड मिळालं, आणि सामना संपल्यावर पोलिसांनी देसाबातोला मैदानावरच ताब्यात घेतलं. जवळपास दोन दिवस तो कोठडीत होता, मग जामिनावर सुटला. ग्राफितेनं पुढे खटला नेटानं चालवला नाही. पण ज्याला रोज लाखो लोक 'ग्राफिते' म्हणतात त्याला रंगावरून काही बोललं तर राग का यावा, हा प्रश्न अशा वेळी हमखास पुढे येतो. प्रश्नच चुकीचा आहे. स्वतःच्या संघातल्या मित्रांच्या तोंडचं नाव माणसानं वर्षानुवर्षं चालवून घेतलं, म्हणून समोरच्या संघातल्या माणसाला त्याच्या कातडीवर बोलायचा परवाना मिळत नाही. तरी हा युक्तिवाद करायला जागा मिळते ती त्या नावामुळे, हेही तितकंच खरं. रंगावरून नाव ठेवण्याची किंमत मैदानावर अशी वसूल होते, आणि ती खेळाडूलाच मोजावी लागते.

महिला संघातल्या डेल्मा गोन्साल्वेसचं नाव प्रेतिन्हा, म्हणजे 'छोटी काळी'. ती वर्षानुवर्षं राष्ट्रीय संघात खेळली. पोर्तुगीजमध्ये हा शब्द आई मुलीला मायेनं म्हणते आणि रस्त्यावरचा माणूस तुच्छतेनंही म्हणतो. शर्टावर छापलेल्या अक्षरांतून यातलं कुठलं ते कळत नाही. म्हणूनच हे नाव ती कुणाकुणाकडून ऐकायला तयार आहे, हे तिच्याशिवाय कुणी ठरवू नये.

काळ्या खेळाडूंच्या नावांचा बाजारही जुना आहे. १९३८ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणाऱ्या लिओनिदासला 'काळा हिरा' म्हणत. त्याच नावाचं चॉकलेट ब्राझीलच्या एका कंपनीनं काढलं आणि ते आजही दुकानात मिळतं. लिओनिदासला सुरुवातीला ठरावीक रक्कम मिळाली, पण पुढची कित्येक दशकं जी विक्री झाली तिच्यात वाटा नाही.

प्रांतांची नावं वरवर साधी दिसतात. पण 'गाउशो' किंवा 'कारिओका' (रिओचा) म्हटलं की त्यात रुबाब असतो. रिओत मात्र ईशान्येकडून पोटासाठी आलेल्या माणसाला 'पाराइबा' आणि साव पाउलोत 'बाइआनो' म्हणणं ही हिणवणूक असते, मग तो माणूस त्या प्रांताचा असो वा नसो. मार्सेलिन्हो पाराइबा खरोखरच पाराइबातल्या काम्पिना ग्रांदे शहरचा, आणि त्यानं ते नाव अंगावर घेऊन कारकीर्द केली. जर्मनीत हेर्टा बर्लिनकडून खेळताना तो नुसता मार्सेलिन्हो होता. ईशान्येच्या मुलाला दक्षिणेतल्या अकादमीत पहिल्याच आठवड्यात प्रांतावरून हाक मारली जाते तेव्हा ती ओळख आहे की टोमणा, हे बाहेरच्याला सांगता येत नाही. तो मुलगा सांगू शकतो. त्याला विचारायला हवं.

टोमणा उलटवण्याचं सामर्थ्य लोकांत असतं, हे मला मान्य आहे, आणि त्याची उत्तम उदाहरणं क्लबांच्या नावांत सापडतात. फ्लामेंगोच्या काळ्या, गरीब चाहत्यांना प्रतिस्पर्धी 'उरुबू' म्हणजे गिधाड म्हणून डिवचत. १९६९ मध्ये बोटाफोगोविरुद्धच्या सामन्याआधी चाहत्यांनीच माराकानात एक गिधाड सोडलं, सामना जिंकला, आणि गिधाड क्लबचं चिन्ह झालं. पाल्मेइरासच्या चाहत्यांनी डुक्कर या शिवीबद्दल १९८६ मध्ये तेच केलं. या दोन्ही ठिकाणी निर्णय कुणाचा होता ते पाहा. ज्यांना हिणवलं जात होतं त्यांनी मिळून, स्वतःहून ते उचललं. चौदा वर्षांच्या एकट्या मुलाला अशी गर्दी पाठीशी नसते. त्याच्यासमोर प्रशिक्षक असतो, ज्याच्या हातात त्याची संघातली जागा आहे.

आता टोपणनावं कमी होतायत ती तत्त्वापोटी नाही, व्यवहारापोटी. सतराव्या-अठराव्या वर्षी मुलगा युरोपला विकला जातो. तिथल्या क्लबांना शर्टावर असं नाव हवं असतं जे शोधलं की एकच माणूस सापडेल. ब्रुनो ग्विमाराईस, गाब्रिएल जेझुस, एदेर मिलितांव ही जोडनावं त्यासाठी सोयीची. दुसरीकडे आईवडीलच जन्मतः वेगळं नाव ठेवू लागलेत: रोमारिओ, रिवाल्डो, रिचार्लिसन, एन्द्रिक ही सगळी जन्मदाखल्यावरची नावं आहेत, टोपणनावं नव्हेत. नाव मुळातच एकमेव असेल तर टोपणनावाची गरज उरत नाही. याचं मला दुःख नाही. आई-बापानं निवडलेलं वेगळं नाव हाही त्याच संस्कृतीचा भाग आहे. दुःख याचं होतं की युरोपचा बाजार सांगतो म्हणून बदल होतो आणि खेळाडूला काय हवं हे याही वेळी कुणी विचारत नाही.

त्यातल्या त्यात एक गोष्ट आशादायक आहे. एस्तेव्हाओ लहानपणी 'मेसिन्हो' म्हणजे छोटा मेसी म्हणून प्रसिद्ध झाला होता. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र तो स्वतःच्या नावानं उभा आहे, आधी पाल्मेइरासमध्ये, २०२५ पासून चेल्सीत. अशी नावं शिवीसारखी दुखावत नसली तरी वेगळ्या तऱ्हेनं जड असतात: मूल दहा वर्षांचं असतानाच त्याच्या यशाची पट्टी दुसऱ्याच्या हातात जाते, आणि प्रत्येक हुकलेल्या संधीला ती लावली जाते.

खेळाडूला हक्क द्या ही मागणी नवीही नाही, क्रांतिकारकही नाही. ब्राझीलच्या कायद्यात ती इतरत्र सगळीकडे मान्य आहे. निवडणूक कायदा, १९९७ चा ९५०४, उमेदवाराला मतपत्रिकेवर टोपणनाव नोंदवू देतो. अट एवढीच की ओळखीबद्दल संशय नको, ते अश्लील नको, आणि हास्यास्पद किंवा अवमानकारक नको. नोंदणी कायद्यात १९९८ पासून लोकप्रसिद्ध टोपणनाव कायदेशीर नावात आणता येतं. त्याआधी १९८२ मध्येच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या लुला यांनी 'लुला' आपल्या नावात अधिकृतपणे घातलं होतं. १९९६ च्या औद्योगिक मालमत्ता कायद्याच्या १२४ व्या कलमानुसार कुणाचंही प्रसिद्ध टोपणनाव त्याच्या किंवा वारसांच्या संमतीशिवाय व्यापारचिन्ह म्हणून नोंदवता येत नाही; लिओनिदासच्या काळात हे कलम नव्हतं. २००२ ची नागरी संहिता टोपणनावाला नावाइतकंच संरक्षण देते.

दुसऱ्या बाजूनेही कायदा स्पष्ट आहे. २०१५ चा १३१८५ क्रमांकाचा कायदा छळाच्या प्रकारांत हिणवणारी टोपणनावं नाव घेऊन मोजतो, आणि ते रोखण्याची जबाबदारी शाळांबरोबर क्लबांवरही टाकतो. वंशभेदाला गुन्हा ठरवणारा १९८९ चा कायदा 'काओ कायदा' म्हणून ओळखला जातो. काओ हेही तो मांडणाऱ्या कृष्णवर्णी खासदाराचं टोपणनावच. जानेवारी २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन वर्णावरून केलेल्या अपमानाला दोन ते पाच वर्षं कैद आली, मैदानावर घडलं तर तीन वर्षं मैदानबंदी आली, आणि थट्टामस्करीच्या ओघात गुन्हा केला तर शिक्षा एक तृतीयांश ते निम्म्यानं वाढेल असं कलमही आलं. 'आम्ही तर गंमत करत होतो' हा बचाव त्या कायद्यात आता शिक्षा वाढवतो. लॉकर रूममधल्या प्रत्येक प्रशिक्षकानं हे कलम वाचलेलं असायला हवं.

मग करायचं काय? नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही, असलेल्या टप्प्यांवर बसवता येईल. कायद्यानं मुलगा चौदा वर्षांचा झाला की क्लब त्याच्याशी प्रशिक्षणाचा करार करू शकतो. त्याच कागदावर टोपणनावाचा रकाना असावा, तो मुलानं स्वतःच्या अक्षरात भरावा, आणि भरताना शेजारी पालक असावा, प्रशिक्षक नसावा. 'टोपणनाव नको' हा पर्याय छापील असावा, म्हणजे तो वेगळा मागावा लागणार नाही. सोळाव्या वर्षी पहिला व्यावसायिक करार होतो तेव्हा हाच रकाना पुन्हा कोरा द्यावा, जुनं नाव आधीच छापून देऊ नये. आधीच छापलेलं असलं की मुलं सही करून मोकळी होतात. नंतर प्रत्येक हंगामाच्या नोंदणीवेळी बदल करायची मुभा असावी. महासंघाच्या रोजच्या नोंदणीपत्रकात खेळाडूंची माहिती रोज बदलतच असते, आणखी एक ओळ बदलायला अडचण नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो समालोचकांकडून: लोक ज्या नावानं ओळखतात तेच आम्ही घेणार. पण रोनाल्डोच्या वेळी त्यांनी सहा वर्षांत दोनदा नाव बदललं आणि श्रोत्यांना बदलाची सवय झाली. दुसरा आक्षेप असा की चौदा वर्षांचा मुलगा संघमित्रांच्या दबावाखाली नकोसं नावही लिहून देईल. हे होईल, नक्कीच होईल, आणि सोळाव्या वर्षी पुन्हा विचारणं त्यासाठीच आहे. तिसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो: कागदावर काहीही लिहा, सरावात हाक मारायची ती मारणारच. खरं आहे, कागद लॉकर रूममध्ये शिरत नाही. पण ज्या मुलानं 'नको' लिहून दिलेलं आहे त्याला पुढे तक्रार करायची वेळ आली तर त्याच्या हातात तारखेसह पुरावा असतो. आज त्याच्या हातात काहीच नसतं.

सुरुवात मात्र महिलांच्या फुटबॉलपासून करावी. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ स्त्रियांना फुटबॉल खेळायला सरकारी मनाई होती, त्यामुळे तिथं रिवाजांची साठवण कमी आहे. २०१९ पासून पहिल्या श्रेणीतल्या पुरुष क्लबांना महिला संघ ठेवणं बंधनकारक झालं, म्हणजे मुलींच्या अकादमींचे अर्ज आणि करारनामे अजून नवेच आहेत. सात विश्वचषक खेळलेली मिराइल्डेस मासिएल मोता जगभर फोर्मिगा, म्हणजे मुंगी, या नावानं ओळखली जाते. अखंड राबणाऱ्या खेळाडूला शोभेल असं ते नाव आहे, आणि अशी नावं पुढेही यायला हवीत. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्येच होणार आहे. त्याच्या संघनिवडीआधी महासंघानं प्रत्येक संभाव्य खेळाडूला एका ओळीचा अर्ज पाठवून शर्टावर काय छापायचं ते लेखी विचारावं, आणि तोच नमुना त्या वर्षीपासून सगळ्या क्लबांच्या चौदा वर्षांखालच्या संघांना लावावा.